घटक ५ : संथ लॅपटॉप – घरच्या घरी दोषशोधन आणि उपाय

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• लॅपटॉप 'संथ' झाला म्हणजे नेमके काय झाले, हे लक्षणांवरून सांगता येईल.
• अडचण प्रोसेसर, रॅम, डिस्क की नेटवर्क यांपैकी कोठे आहे, हे टास्क मॅनेजरच्या साहाय्याने ओळखता येईल.
• खर्च न करता योजावयाचे उपाय योग्य क्रमाने करता येतील.
• सुटा भाग बदलावा की नवा लॅपटॉप घ्यावा, याचा निर्णय कारणांसह घेता येईल.
• दुरुस्तीला लॅपटॉप देताना दोषाची नेमकी नोंद मराठीत लिहिता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण युनिकोड आणि मराठी टंकलेखन यांचा परिचय करून घेतला. ज्या यंत्रावर हे टंकलेखन करावयाचे, तेच मंदावले तर काय करावे, हा या घटकाचा विषय आहे. दूरशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न लहान वाटत नाही. नोकरी, शेती, घरकाम यांतून रविवारी दोन तास मिळावेत आणि त्यातला पाऊण तास लॅपटॉप सुरू होण्यातच जावा, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांचा असेल.

एक प्रसंग सांगतो. माझ्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी आपल्या गावातील जात्यावरच्या ओव्या आठ महिने फिरून गोळा केल्या होत्या. सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात लॅपटॉप फारच रेंगाळू लागला, म्हणून तिने तो दुरुस्तीच्या दुकानात दिला. सांगितले एवढेच, ''फार स्लो चालतोय.'' दुकानदाराने अशा वेळी सर्रास करतात तेच केले. लॅपटॉप फॉर्मॅट करून दिला. यंत्र चार दिवस बरे चालले आणि पुन्हा मंदावले, कारण मूळ दोष झिजलेल्या हार्ड डिस्कमध्ये होता. ओव्यांची फाइल मात्र गेली. ओव्या सांगणाऱ्या दोघी वृद्धांपैकी एक तोवर हयात नव्हती.

या प्रसंगात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. अपुरा होता तो शब्द. 'स्लो' या एका शब्दाखाली अनेक निरनिराळे दोष वावरतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. वैद्याकडे जाऊन आपण केवळ ''बरे वाटत नाही'' म्हणत नाही. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, ते सांगतो. लॅपटॉपबाबतही तसेच करावयास शिकणे, हे या घटकाचे सार आहे. येथील विवेचन घरोघरी अधिक आढळणाऱ्या विंडोज १० व विंडोज ११ या प्रणालींना धरून केले आहे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ पहिली पायरी : प्रत ठेवणे

कोणताही उपाय करण्यापूर्वी आपल्या लेखनाची प्रत दोन ठिकाणी ठेवावी : एक पेन ड्राइव्हवर आणि दुसरी ई-मेलने स्वतःलाच पाठवून किंवा ऑनलाइन साठवणीत. शंभर-दीडशे पानांचा केवळ मजकूर असलेली फाइल फार मोठी नसते. वर उल्लेखिलेल्या ओव्या एका ई-मेलमध्ये सहज मावल्या असत्या.

मराठीच्या विद्यार्थ्याने आणखी एक दक्षता घ्यावी. जुने लेखन युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेले असेल, तर केवळ फाइल जपून भागत नाही. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल निरर्थक अक्षरांची रांग दिसते. फॉर्मॅट केल्यानंतर नेमके हेच घडते. म्हणून अशा लेखनाची पीडीएफ प्रत काढावी आणि फॉन्टची फाइलही सोबत जपावी.

५.३.२ 'संथ' या शब्दाची फोड

बोलताना आपण 'स्लो होतो', 'अडकतो', 'हँग होतो' हे प्रयोग एकमेकांच्या जागी सहज वापरतो. दोषशोधनात मात्र त्यांत भेद करावा लागतो.

(अ) संथ चालणे : प्रत्येक काम होते, पण सतत विलंबाने होते.
(आ) अडकणे : काम नीट चालता चालता काही सेकंद थांबते आणि पुन्हा पुढे सरकते.
(इ) गोठणे : माउस, कळा कशालाच प्रतिसाद मिळत नाही, यंत्र बंद करूनच सुरू करावे लागते.

यानंतर स्वतःला चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. केव्हा – सुरू होताना, की तासभर वापरल्यावर? कशात – सर्व कामांत, की केवळ इंटरनेटवर? किती – बटण दाबल्यापासून फाइल उघडेपर्यंत घड्याळात किती मिनिटे? केव्हापासून – हळूहळू, की एखादा प्रोग्राम घेतल्यापासून अचानक?

'कशात' या प्रश्नाचे उत्तर सोप्या चाचणीने मिळते. एखादे संकेतस्थळ लॅपटॉपवर उशिरा उघडत असेल, तर त्याच वाय-फायवर ते मोबाइलवर उघडून पाहावे. तेथेही विलंब झाला, तर दोष बहुधा जोडणीचा आहे, लॅपटॉपचा नाही. मोबाइलवर चटकन उघडले, तर पुढील पायरीकडे वळावे.

५.३.३ टास्क मॅनेजरचे वाचन

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. खिडकी अगदी लहान दिसली, तर खालच्या 'मोअर डिटेल्स' या शब्दांवर क्लिक करावे. 'प्रोसेसेस' या भागात सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे चार स्तंभ दिसतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टक्केवारी असते. स्तंभाच्या शीर्षकावर क्लिक केले की सर्वाधिक भार टाकणारा प्रोग्राम वर येतो. लॅपटॉप प्रत्यक्ष रेंगाळत असतानाच हे आकडे पाहावेत.

आकड्यांचा अर्थ समजण्यासाठी आपल्या अभ्यासाच्या खोलीची कल्पना करा. प्रोसेसर म्हणजे लिहिणारा तुम्ही स्वतः. रॅम म्हणजे समोरचे टेबल; हाताशी लागणारी पुस्तके त्यावर मांडलेली असतात. डिस्क म्हणजे भिंतीपलीकडचे कपाट. तेथे पुस्तके कायम राहतात, पण ती आणण्यासाठी उठावे लागते. टेबल लहान असेल, तर एक पुस्तक ठेवून दुसरे आणण्यासाठी सारख्या खेपा माराव्या लागतात. लिहिणारा कितीही चपळ असला तरी त्याचा वेळ खेपांतच जातो.

विंडोज नेमके हेच करते. रॅम अपुरी पडली की तीमधील काही मजकूर डिस्कवरील राखीव जागेत, म्हणजे पेजिंग फाइलमध्ये हलवला जातो आणि लागेल तेव्हा परत आणला जातो. म्हणूनच रॅम आणि डिस्क हे दोन्ही आकडे एकाच वेळी चढलेले दिसले, तर मूळ अडचण बहुतेक वेळा रॅमची असते. डिस्क तिचे ओझे वाहत असते. रॅमचा आकडा मध्यम आणि डिस्कचा मात्र काहीही न उघडता दीर्घकाळ १०० टक्क्यांवर, असे दिसले तर डिस्कचाच संशय घ्यावा.

जुनी हार्ड डिस्क का मंदावते, हेही लक्षात घ्या. लॅपटॉपमधील नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचक-शीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. शिवाय ते शीर्ष योग्य जागी सरकण्यासही वेळ लागतो. परिणामी, विखुरलेले माहितीचे तुकडे सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचले जातात. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने तेच काम सेकंदाला हजारोंच्या संख्येने होते. लॅपटॉप सुरू होताना लहान लहान फाइलींचा मोठा पसारा वाचावा लागतो, म्हणून हा फरक तेथे सर्वाधिक जाणवतो. 'परफॉर्मन्स' या भागात डिस्कवर क्लिक केले की तुमच्या यंत्रात हार्ड डिस्क आहे की एसएसडी, हे बहुधा तेथेच लिहिलेले सापडते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(१) एका लॅपटॉपवर सीपीयू २० टक्के, मेमरी ९३ टक्के आणि डिस्क १०० टक्के असे आकडे दिसतात. मूळ अडचण कोठे असण्याचा संभव अधिक आहे?
(२) 'अडकणे' आणि 'गोठणे' यांतील फरक एका वाक्यात सांगा.

५.३.४ खर्चाविना उपाय

पुढील उपाय दिलेल्या क्रमाने करावेत. एका वेळी एकच बदल करून पुन्हा वेळ मोजावा. पाच बदल एकदम केले, तर गुण कशाने आला हे कळत नाही आणि बिघडले तर कशामुळे, हेही कळत नाही.

(१) रीस्टार्ट : 'शट डाउन' केल्याने विंडोज पूर्णपणे नव्याने सुरू होते, असा आपला समज असतो. 'फास्ट स्टार्टअप' ही सोय चालू असेल, तर प्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. 'रीस्टार्ट'मध्ये तसे होत नाही. गाभाही नव्याने सुरू होतो. म्हणून आठवड्यातून एकदा तरी रीस्टार्ट करावे.

(२) साचलेली कामे : केवळ रविवारी उघडणाऱ्या लॅपटॉपचे दुखणे वेगळे असते. आठवडाभराची अद्ययावतने, विषाणू-तपासणी, ऑनलाइन साठवणीची जुळवाजुळव ही सर्व कामे तो उघडताच एकदम सुरू होतात. टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज अपडेट' किंवा 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' ही नावे वर दिसली, तर ती सक्तीने बंद करू नयेत. त्याऐवजी शनिवारी रात्री लॅपटॉप चार्जरला व इंटरनेटला जोडून, 'स्लीप'मध्ये जाणार नाही असे पाहून दोन तास चालू ठेवावा आणि शेवटी रीस्टार्ट करावे. रविवार तुमच्यासाठी मोकळा राहील.

(३) आपोआप सुरू होणारे प्रोग्राम : टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' या भागात त्यांची यादी असते. संभाषणाची, संगीताची, छपाईयंत्राची साधने तेथे स्वतःहून नाव नोंदवून बसलेली असतात. अनावश्यक नावावर क्लिक करून 'डिसेबल' करावे. यामुळे प्रोग्राम काढून टाकला जात नाही. तो केवळ बोलावल्याशिवाय येत नाही. विषाणूरोधक प्रोग्राम आणि टचपॅड, ध्वनी यांची साधने मात्र तशीच ठेवावीत.

(४) ब्राउझर : ४ जीबी रॅम असलेल्या यंत्रात साधारण निम्मी किंवा त्याहून अधिक रॅम विंडोज स्वतःच वापरते. उरलेल्या जागेत पंधरा टॅब मावत नाहीत. क्रोम व एज या ब्राउझरांमध्ये शिफ्ट आणि एस्केप या कळा दाबल्या की कोणता टॅब किती मेमरी घेतो, हे दिसते. न लागणारे टॅब बंद करावेत आणि अनोळखी एक्स्टेन्शन काढून टाकावीत.

(५) डिस्कवरील जागा : सी ड्राइव्हवर १५ ते २० टक्के जागा मोकळी असावी. 'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'स्टोरेज' या मार्गाने 'टेम्पररी फाइल्स' उघडाव्यात. तेथील यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असते. त्यावर खूण करू नये. अनेकांची पाठ्यपुस्तके, प्रवेशपत्रे आणि पावत्या त्याच फोल्डरमध्ये असतात.

(६) दृश्य परिणाम : शोधपट्टीत 'परफॉर्मन्स' असे इंग्रजीत टंकून दृश्य परिणामांची यादी उघडता येते. खिडक्यांची हालचाल, सावल्या इत्यादी बंद केल्यास जुन्या यंत्राला थोडा आराम मिळतो. 'स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स' ही खूण मात्र ठेवावी. ती काढल्यास देवनागरीतील जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार खडबडीत दिसतात व मुद्रितशोधनात डोळ्यांना त्रास होतो.

(७) विषाणू-तपासणी : 'विंडोज सिक्युरिटी'मधून 'फुल स्कॅन' करावे. एकाच वेळी दोन विषाणूरोधक प्रोग्राम ठेवू नयेत. दोघेही प्रत्येक फाइल तपासू पाहतात आणि यंत्र अधिकच मंदावते.

(८) उष्णता आणि वीज : सुरुवातीस चपळ असलेला लॅपटॉप अर्ध्या तासाने मंदावत असेल आणि पंखा घोंगावत असेल, तर उष्णतेचा विचार करावा. प्रोसेसर मर्यादेबाहेर तापू लागला की स्वसंरक्षणासाठी आपला वेग स्वतःच कमी करतो. 'परफॉर्मन्स' भागात सीपीयूचा चालू वेग आणि 'बेस स्पीड' दोन्ही दिसतात. कामाचा भार असतानाही चालू वेग बेस स्पीडच्या बराच खाली राहिला, तर कारण बहुधा हेच असते. गादी, उशी किंवा गोधडीवर लॅपटॉप ठेवू नये. हवा आत घेण्याची छिद्रे अनेकदा तळाशी असतात. बॅटरीवर असताना किंवा जुळत नसलेला चार्जर लावल्यासही काही यंत्रे वेग कमी ठेवतात. तळ किंवा टचपॅड फुगलेला दिसला, तर बॅटरी फुगली आहे असे समजून वापर व चार्जिंग त्वरित थांबवावे, ती दाबू नये आणि जाणकाराकडून बदलून घ्यावी.

५.३.५ काय करू नये

'एका क्लिकमध्ये वेग दुप्पट' असे सांगणारे प्रोग्राम टाळावेत. विंडोजच्या रजिस्ट्रीची 'सफाई' करणाऱ्या साधनांना खुद्द मायक्रोसॉफ्टचे समर्थन नाही. त्यांच्यामुळे प्रणाली सुरूच न होण्याचा धोका असतो. पडद्यावर अचानक इशारा आणि दूरध्वनी क्रमांक झळकला, तर त्यावर संपर्क साधू नये व कोणालाही दुरून लॅपटॉप हाताळू देऊ नये. असे इशारे बहुधा फसवणुकीचे असतात. पैसे गेलेच, तर १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. आपल्याकडे एसएसडी असेल, तर हार्ड डिस्कसाठी सांगितले जाणारे डीफ्रॅगमेंटेशन वेगळ्या प्रोग्रामने करू नये. विंडोज तिची आवश्यक निगा स्वतः राखते.

५.३.६ खर्चाचा निर्णय

वरील उपायांनी गुण आला नाही, तर सुट्या भागाचा विचार करावा. मेमरीचा आकडा नेहमीच्या कामातही ८५-९० टक्क्यांवर राहत असेल, तर रॅम ४ वरून ८ जीबी करणे उपयुक्त ठरते. टास्क मॅनेजरमध्ये 'स्लॉट्स यूज्ड' येथे किती खाचा आहेत व किती भरल्या आहेत, हे दिसते. मात्र काही लॅपटॉपमध्ये रॅम पटलावर कायमची जोडलेली असते आणि डीडीआर३ व डीडीआर४ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. म्हणून खरेदीपूर्वी खात्री करावी.

डिस्कच दोषी असेल, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा जुन्या लॅपटॉपसाठी सर्वाधिक परिणामकारक उपाय आहे. जुन्या डिस्कमधील सर्व मजकूर जसाच्या तसा नव्या डिस्कवर उतरवून घेता येतो, म्हणजे फॉर्मॅटची वेळ येत नाही. मात्र डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल, तर इतर सर्व प्रयोग थांबवून प्रथम प्रत काढावी.

यंत्राचे वयही विचारात घ्यावे. विंडोज १०चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी संचय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते. ती नसलेल्या जुन्या यंत्रावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसवता येते. युनिकोड मराठी आणि इन्स्क्रिप्ट कळफलक तेथेही उपलब्ध आहेत. लेखन, वाचन आणि इंटरनेट एवढेच काम असेल, तर असा लॅपटॉप आणखी काही वर्षे साथ देऊ शकतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(१) 'टेम्पररी फाइल्स' काढताना कोणत्या नावावर खूण करू नये?
(२) रॅम विकत घेण्यापूर्वी कोणत्या दोन गोष्टींची खात्री करावी?

५.३.७ दुरुस्तीसाठी दोषनोंद

आता पुन्हा भाषेकडे वळू. दुकानात लॅपटॉप देताना पुढील प्रकारची नोंद कागदावर लिहून द्यावी आणि तिची एक प्रत आपल्याकडे ठेवावी.

''लॅपटॉप २०१८मध्ये घेतलेला. रॅम ४ जीबी, हार्ड डिस्क १ टीबी, विंडोज १०. बटण दाबल्यापासून फाइल उघडेपर्यंत ९ मिनिटे लागतात. हा त्रास चार महिन्यांपासून हळूहळू वाढला आहे. काहीही न उघडता डिस्क १०० टक्के, मेमरी ६० टक्के आणि सीपीयू १० टक्क्यांच्या आत दिसतो. रीस्टार्ट, स्टार्टअप कमी करणे व विषाणू-तपासणी करून झाली. फरक पडला नाही. कृपया डिस्कची स्थिती तपासावी. मला विचारल्याशिवाय फॉर्मॅट करू नये. डिस्क बदलल्यास जुनी डिस्क परत द्यावी.''

या नोंदीची रचना पाहा. प्रथम वस्तूचे वर्णन, नंतर मोजलेले लक्षण, नंतर निरीक्षण, केलेले उपाय आणि शेवटी विनंती. 'फार', 'खूप', 'एकदम' यांसारख्या विशेषणांना तेथे जागा नाही. त्यांचे काम आकडे करतात. तंत्रविषयक मराठी लेखनाचा हा पाया आहे. दुरुस्ती करणाऱ्यालाही अशी नोंद हवीच असते, कारण तिच्यामुळे त्याचे शोधण्याचे काम निम्मे होते.

५.४ सारांश

'संथ' हे लक्षण आहे. त्यामागील कारण शोधल्याशिवाय उपाय करू नये. प्रथम लेखनाची प्रत दोन ठिकाणी ठेवावी. नंतर केव्हा, कशात, किती आणि केव्हापासून हे लिहून काढावे, टास्क मॅनेजरमधील चार आकडे वाचावेत आणि खर्चाविना उपाय एकेक करून योजावेत. रॅम वाढवणे, एसएसडी बसवणे किंवा प्रणाली बदलणे हे निर्णय त्यानंतरचे. दुरुस्तीला देताना मोजमापांसह लेखी नोंद द्यावी.

५.५ पारिभाषिक शब्द

दोषशोधन – बिघाडाचे कारण क्रमाने शोधण्याची रीत.
रॅम – चालू कामाचा मजकूर तात्पुरता ठेवणारी स्मृती.
पेजिंग फाइल – रॅम अपुरी पडल्यास वापरली जाणारी डिस्कवरील राखीव जागा.
एसएसडी – फिरणारा भाग नसलेले, वेगवान संचय-साधन.
अद्ययावतन – प्रणालीत नव्या दुरुस्त्या समाविष्ट करणे.

५.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) रॅम अपुरी पडत असण्याचा संभव अधिक, पेजिंगमुळे डिस्कचा आकडा वाढलेला आहे. (२) अडकलेले यंत्र काही सेकंदांनी स्वतःहून पुढे चालते. गोठलेले यंत्र बंद करूनच सुरू करावे लागते.
प्रश्न २ : (१) 'डाउनलोड्स'. (२) रॅम बदलण्याजोगी आहे का व मोकळी खाच आहे का. तसेच रॅमचा प्रकार कोणता.

५.७ सरावासाठी स्वाध्याय

(१) रॅम आणि डिस्क यांचा परस्परसंबंध स्वतःच्या शब्दांत, अभ्यासाच्या खोलीव्यतिरिक्त वेगळा दृष्टान्त देऊन स्पष्ट करा.
(२) ''लॅपटॉप खूपच हँग होतोय, काहीतरी करा'' या तक्रारीचे दोषनोंदीत रूपांतर करा. आवश्यक तपशील कल्पनेने घ्या.
(३) 'उपायापूर्वी मोजमाप' या तत्त्वाचे महत्त्व सुमारे १५० शब्दांत लिहा.

५.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका संथ लॅपटॉपची सलग तीन दिवस निरीक्षणे नोंदवा. प्रत्येक दिवशी एकच उपाय करून सुरू होण्यास लागणारा वेळ मिनिटांत लिहा. काम आरंभण्यापूर्वी त्या लॅपटॉपमधील महत्त्वाच्या लेखनाची प्रत दोन ठिकाणी ठेवल्याची नोंद अहवालाच्या पहिल्या ओळीत असावी.